आमची शाळा, आपली शाळा



प्रजासत्ताक दिनाच्या त्या फुटबॉल सामन्याविषयी गावात पुरेसे बोलून झाले आहे. आपल्या शाळेची मुले अंतिम सामन्यात एका गोलने हरली, तो गोल हाताने झाला असे मुलांचे म्हणणे आहे आणि रेफरीने तो मान्य केला, एवढे बहुतेकांना ठाऊक आहे. अनेकांना ठाऊक नाही ते असे की, तो गोल झाला तेव्हा आम्ही गोलपोस्टपासून दहा-बारा पावलांवर खुर्चीत बसलो होतो. दुसरी गोष्ट अशी की, ज्या शाळेने सामना जिंकला ती आमची जुनी शाळा. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे आम्ही तिथे काढली आणि १९९६ साली तिथूनच एस.एस.सी. झालो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो आपल्यापुढे मांडावा म्हणून आजचे हे पान घेतले आहे. प्रवचनात सांगितले असते तर निम्मे प्रवचन फुटबॉलवरच गेले असते, आणि आमची प्रवचने लांबतात ही तक्रार आधीचीच आहे.

आम्हाला बोलावणे आले होते ते माजी विद्यार्थी म्हणून. बक्षिसे आपल्या हस्ते द्यायची आहेत, असा मुख्याध्यापकांचा फोन आला. अंतिम सामन्यात समोर आपल्याच धर्मग्रामाची शाळा असेल हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. ते कळले उपान्त्य फेरी झाल्यावर, सामन्याच्या दोन दिवस आधी. तेव्हाच नको म्हणायला हवे होते का? आम्हाला तसे वाटले नाही. उलट, दोन्ही बाजूंनी आपलीच मुले, कोणीही जिंकले तरी आपण जिंकलो, असा एक गोड विचार मनात आला. गोड विचारांची थोडी तपासणी करावी लागते, हे आता लक्षात येते.

शाळेच्या फाटकातून आत शिरताना आम्ही पुन्हा चौदा वर्षांचे झालो, हे कबूल करतो. आमच्या वेळी फुटबॉल म्हणजे भातकापणी आणि मळणी आटोपल्यावर रिकामे झालेले शेत. धसकटे तळपायात रुतत. चेंडू चामड्याचा, त्याच्या आत ब्लॅडर. तो फुटला की सायकलवाल्याकडे ठिगळ लावायला जायचा आणि ठिगळाच्या बाजूला वजन जास्त झाल्यामुळे नंतर वाकडा धावायचा. संपूर्ण वर्गात बुटांचे दोन जोड. ज्याला पेनल्टी मारायची त्याने ते घालायचे, मग पाय केवढाही असो. शाळेचे मैदान मिळायचे ते फक्त मोठ्या सामन्यांना, आणि त्या दिवशी कडेला उभे राहून ओरडण्यासाठी आम्ही घसा राखून ठेवत असू.

आता कौले जाऊन स्लॅब आला आहे. खाकी हाफपँट जाऊन टाय आला आहे. मराठी माध्यमाच्या तीन तुकड्यांची एक झाली असून इंग्रजी माध्यमाची इमारत तिच्यापेक्षा उंच आहे. आम्हाला शिकवणारे एकही सर किंवा बाई आता तिथे नाहीत. खेळाडूंची नावे पुकारली गेली तेव्हा आमच्या हजेरीपटावरचे लोपीस, परेरा, तुस्कानो, म्हात्रे यांच्या जागी यादव, नायर, शेख, गुप्ता अशी नावे जास्त ऐकू आली. प्लुटार्कने थिसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी घालत राहिले, आणि तत्त्वज्ञ वाद घालत राहिले की हे तेच जहाज की दुसरे. सेमिनरीत या प्रश्नावर आम्ही पुष्कळ कागद खर्च केले होते. मैदानाच्या कडेला उभे राहिल्यावर मात्र उत्तर एका क्षणात मिळते: तीच शाळा. आमच्या वर्गातले सात जण आले होते. त्या सातांपैकी सहा जणांना मुले आहेत आणि त्यांतले एकही मूल या शाळेत शिकत नाही. तरीही पहिल्या मिनिटापासून साती घसे ‘आपली शाळा, आपली शाळा’ म्हणून ओरडत होते. आठवा घसा आमचा. तो झग्याच्या मर्यादेमुळे जरा खालच्या पट्टीत होता, एवढेच.

सामन्याचे वर्णन करीत नाही. तुमच्या घरात ते अनेकदा झाले असेल. एक-एक अशी बरोबरी होती आणि शेवटची चार-पाच मिनिटे उरली होती. कॉर्नर मिळाला. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या त्या चिंचेच्या सावलीत, म्हणजे नेमक्या त्या गोलच्या बाजूला. चेंडू उंच आला, आठ-दहा मुले एकदम उडाली आणि चेंडू आमच्या जुन्या शाळेच्या एका मुलाच्या कोपराच्या खाली, हातावर आपटून जाळ्यात गेला. रेफरीच्या आणि चेंडूच्या मध्ये मुलांची भिंत होती. साहाय्यक म्हणून कडेला झेंडा घेऊन उभे होते ते एक पालक, आणि ते पलीकडच्या बाजूला होते. शिट्टी वाजली. रेफरीने मैदानाच्या मध्याकडे बोट केले. गोल.

आम्हाला हात स्पष्ट दिसला. आणि आम्ही खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

हा क्रम लक्षात घ्यावा. दिसले नाही म्हणून टाळ्या वाजवल्या असे झाले नाही. डोळ्यांनी पाहिले, आणि ते मनापर्यंत पोहोचायच्या आत हात टाळ्या वाजवून मोकळे झाले. संत अगस्तिन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात अलिपिअस या मित्राची हकीकत दिली आहे. रोममध्ये कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या या तरुणाला मित्रांनी ओढून ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहायला नेले. शरीर नेलेत तरी मन येणार नाही, या निश्चयाने तो डोळे मिटून बसला. कान मिटायचे राहिले. गर्दीचा एक प्रचंड आरडाओरडा झाला, त्याने डोळे उघडले आणि मग तो त्या गर्दीतला एक झाला. पुढे हाच अलिपिअस बिशप झाला, तेव्हा आमच्यासारख्यांना थोडी आशा आहे. पण अलिपिअसकडे एक सबब होती, ती आमच्याकडे नाही. त्याला पाहायचे नव्हते. आम्ही खुशीने पाहायला गेलो होतो.

बक्षीस समारंभात आम्ही पाच मिनिटे बोललो. काय बोललो ते आठवले की अजून कान गरम होतात. हारजीत दुय्यम असते, खेळ सचोटीने खेळला जाणे महत्त्वाचे, आणि आज दोन्ही संघांनी ते दाखवून दिले, असे आम्ही बोललो. मग चषक दिला. फोटो झाले. उपविजेत्यांची पदके देताना आपल्या शाळेची मुले एकेक करून पुढे आली. त्यांतले चार जण आपल्या चर्चचे वेदीसेवक आहेत. रविवारी आमच्या हातात पाणी घालणारे तेच हात त्या दिवशी आमच्याकडून पदक घेत होते, आणि त्यांतल्या एकाने पदक गळ्यात घालून घेताना हळूच विचारले, “फादर, तुम्ही तिथंच बसला होतात ना? हात लागला ना?”

आम्ही म्हणालो, “अरे बाळा, रेफरीचा निर्णय अंतिम असतो.”

या वाक्यात एकही खोटा शब्द नाही. फुटबॉलच्या नियमावलीतला पाचवा नियम हेच सांगतो: खेळातल्या घटनांविषयी, गोल झाला की नाही याविषयीसुद्धा, रेफरीचा निर्णय अंतिम असतो, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो बदलता येत नाही. आम्ही नियम अगदी बरोबर सांगितला. फक्त मुलाने नियम विचारला नव्हता.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मानेवर बसला आहे, आणि तत्त्वज्ञानाची पदवी असल्याने आम्ही त्याला सरळ खाली उतरवण्याऐवजी त्याच्याशी वाद घालत बसलो. तो वाद तुमच्यापुढे ठेवतो, कारण तुमच्यापैकी पंचायतीत, पतपेढीत, सोसायटीच्या कमिटीत काम करणाऱ्यांना तो अनोळखी वाटणार नाही.

पहिला प्रश्न असा की, आपल्या जुन्या शाळेची बाजू मनातून घेणे हाच मुळात दोष आहे का? काही विचारवंत ‘होय’ म्हणतील. विल्यम गॉडविन या इंग्रज लेखकाने १७९३ साली एक उदाहरण दिले. आग लागली आहे, आत कांब्रेचे आर्चबिशप फेनेलोन आहेत आणि त्यांची मोलकरीण आहे, आणि दोघांपैकी एकालाच वाचवता येईल. गॉडविनच्या मते फेनेलोनना वाचवावे, कारण त्यांच्या लेखनाने असंख्य लोकांचे भले होणार. आणि ती मोलकरीण वाचवणाऱ्याची स्वतःची आई असली तरी उत्तर बदलत नाही. आमच्या वर्गात हे शिकवले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका ब्रदरने विचारले होते, “पण सर, आर्चबिशपांनीच तिला आधी बाहेर काढायला नको का?” तास तिथेच संपला. आम्हाला आजही त्या ब्रदरचे म्हणणे गॉडविनपेक्षा बरे वाटते. ज्याला कोणाचाच विशेष लळा नाही त्याला सगळ्यांचा लळा असेल, यावर आमचा विश्वास बसत नाही. संत थॉमस अक्वायनसही ‘सुम्मा थिओलॉजिका’मध्ये प्रीतीला क्रम असतो असे मानतात; जवळच्यांवर अधिक प्रीती करण्यात त्यांना गैर दिसत नाही. पण त्याच ग्रंथात पुढे, न्यायाचा विषय आला की, माणूस पाहून निवाडा करणे हे ते पाप ठरवतात. म्हणजे एकाच लेखकाने एका पानावर जवळच्याला झुकते माप दिले आणि दुसऱ्या पानावर ते काढून घेतले. हे कसे जुळवायचे?

आम्हाला ते जुळले ते आमच्या आजीमुळे. आजी भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जात असे. तिच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांत एक-दोन नातलग होते. त्यांना ती भाजी तोलून द्यायची, आणि तोलून झाल्यावर मेथीची एक जुडी नाहीतर मूठभर मिरच्या वर घालायची. ती वरची मूठ फक्त नातलगांना. पण तोलताना तराजूची दांडी सगळ्यांसाठी सारखी असायची. नातलग आला म्हणून दांडी झुकली नाही, आणि अनोळखी माणूस आला म्हणून पारड्याला बोट लागले नाही. प्रीती ही ती वरची मूठ आहे. ती स्वतःच्या टोपलीतून द्यायची असते. आम्ही त्या दिवशी आमच्या शाळेवरची प्रीती तराजूत घातली, आणि घातली ती तुमच्या मुलांच्या टोपलीतून.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, इंग्रजीत एकच आहे. ‘आमची शाळा’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपली शाळा’ म्हटले की तोही आत येतो. आमचे वर्गमित्र मैदानावर ‘आपली शाळा’ म्हणून ओरडत होते ते एकमेकांना उद्देशून, त्यामुळे ते बरोबर होते. पण पदक घ्यायला पुढे आलेल्या मुलासमोर ती ‘आपली’ राहिली नाही, ‘आमची’ झाली. त्याच्याशी बोलताना आमच्या तोंडी ‘आपली शाळा’ म्हणजे त्याची शाळा असते. दर रविवारी असते. त्या एका वाक्यात आम्ही त्याला आमच्या ‘आपण’मधून बाहेर काढले, आणि ते त्याला कळले असावे. मुलांना हे फार लवकर कळते.

समारंभानंतर चहा घेताना आम्ही एका वर्गमित्राजवळ हा विषय काढला. तो म्हणाला, “अरे फादर, तुला आठवत नाही? नववीत आपल्याला कसं हरवलं होतं? समोरच्या संघात दाढी करणारी दोन पोरं होती. तेव्हा कोण बोललं? झाला हिशेब चुकता.” आम्हाला ते आठवत होते, चांगलेच आठवत होते. आणि खरे सांगायचे तर टाळ्या वाजवणाऱ्या हातांत त्या जुन्या रागाचाही थोडा जोर होता. फक्त नववीत आम्हाला हरवणारी शाळा वेगळी होती, आणि ती पोरे आता पन्नाशीला टेकली असतील. चुकता हिशेब असा दुसऱ्याच्याच खात्यावर चढतो.

मोठ्या मैदानांवरही हेच घडले आहे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्यात विश्वचषकाचा उपान्त्यपूर्व सामना झाला. ५१व्या मिनिटाला मॅराडोनाने हाताने गोल केला आणि तो मान्य झाला. चारच मिनिटांनी त्याने इंग्लंडच्या अर्ध्या संघाला चकवून दुसरा गोल केला, तो आजही सर्वोत्तम गोलांत मोजला जातो. सामना दोन-एक असा सुटला. त्याआधी चार वर्षे, १९८२ साली, या दोन देशांत फॉकलंड बेटांवरून युद्ध झाले होते आणि कित्येक अर्जेंटिनी तरुण त्यात मेले होते. अनेकांना त्या हातात बदला दिसला, आणि ज्या गोलची लाज वाटायची तो गाण्यांचा विषय झाला. मॅराडोनाविषयी आम्ही काही म्हणत नाही. तो २०२० साली गेला, त्याचा हिशेब आता योग्य ठिकाणी आहे. आमचे लक्ष जाते ते त्या दिवशी कडेला उभ्या असलेल्या बोगदान दोचेव्ह या बल्गेरियन साहाय्यकाकडे. काहीतरी गैर घडल्याचे आपल्याला दिसले होते, पण साहाय्यकाने रेफरीशी निर्णयाची चर्चा करण्याची त्या वेळी मुभा नव्हती, असे ते पुढे सांगत. रेफरी, ट्युनिशियाचे अली बिन नासर, आपण साहाय्यकाच्या खुणेची वाट पाहत होतो असे म्हणत. म्हणजे एकाला दिसले पण बोलायची सोय नव्हती. दुसऱ्याला बोलायचा अधिकार होता पण दिसले नव्हते. दोचेव्ह २०१७ साली वारले. तोवर ३१ वर्षे तो गोल त्यांच्या नावाला चिकटून होता. त्यांनी हात लावला नव्हता, ते फक्त पाहत होते.

आता दुसरा प्रश्न, आणि आमच्यापुरता तोच खरा. आम्ही खोटे बोललो का? नीतिशास्त्राचे पुस्तक उघडले तर आमची सुटका होते. मनात एक आणि तोंडी त्याच्या उलट, ते खोटे; माहीत असलेले सत्य न सांगणे हे दरवेळी खोटे नसते. अक्वायनस म्हणतात की सत्य शहाणपणाने झाकून ठेवता येते. पापनिवेदन ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांचे तर त्यावाचून एक दिवसही चालणार नाही. शिवाय आम्ही प्रेक्षक होतो. मैदानात आमचा अधिकार शून्य. आम्ही उठून ‘हात लागला’ म्हटले असते तरी रेफरीने आमचे का ऐकावे? दोन्ही बाजूंनी शंभर माणसे रोजच काहीबाही ओरडत असतात.

येथवर आमचा बचाव ठीक चालतो. तो कोसळतो भाषणापाशी. गप्प राहणारा माणूस निदान गप्प असतो. आम्ही गप्प राहिलो नाही. आम्ही माईक हातात घेऊन दोन्ही संघांच्या सचोटीचे प्रमाणपत्र दिले. ज्याने झाकून ठेवायचे आहे त्याने त्याच गोष्टीची जाहिरात करू नये. आणि त्यानंतर मुलाने विचारले तेव्हा त्याला खऱ्या वाक्याची पाठ दाखवली. खऱ्या वाक्याने दार लावून घेणे ही आम्हा शिकलेल्या माणसांची खास कला आहे. अडाणी माणूस सरळ ‘नाही’ म्हणाला असता.

कोणी म्हणेल, सांगून काय झाले असते? निकाल तर बदलणार नव्हता. याचे उत्तर शोधताना आम्हाला दोन खेळाडू आठवले. २४ मार्च १९९७ रोजी लिव्हरपूलचा रॉबी फाउलर आर्सेनलच्या गोलरक्षकापाशी पडला, रेफरीने पेनल्टी दिली, आणि तो उठून हातवारे करून सांगू लागला की मला कोणी पाडलेले नाही. रेफरीने ऐकले नाही. पेनल्टी झाली. त्याचा फटका गोलरक्षकाने अडवला, पण परतलेल्या चेंडूवर त्याच्या सहकाऱ्याने गोल केला आणि लिव्हरपूल जिंकले. दुसरा मिरोस्लाव्ह क्लोसा. सप्टेंबर २०१२ मध्ये इटलीत लाझिओकडून खेळताना नापोलीविरुद्ध त्याच्या हाताला लागून चेंडू जाळ्यात गेला, गोल दिला गेला, आणि त्याने स्वतः रेफरीला जाऊन सांगितले. गोल रद्द झाला आणि लाझिओ तीन-शून्य हरले. एकाच्या सांगण्याने काहीच बदलले नाही, दुसऱ्याच्या सांगण्याने त्याच्याच संघाचा गोल गेला. फळ पाहून हिशेब करायचा तर दोघेही मूर्ख ठरतात. तरी फाउलरचे ते हातवारे आम्हाला जास्त जवळचे वाटतात, कारण त्यांचा उपयोग काहीही झाला नाही. त्याला एवढेच सांगायचे होते की जे झाले नाही ते झाले असे मी म्हणणार नाही.

आपल्या वेदीसेवकालाही चषक परत नको होता. आम्ही तसे समजलो, ही आमची चूक. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने डोळ्यांनी एक गोष्ट पाहिली. त्यानंतर रेफरी, पाहुणे, माईकवरचा आवाज, टाळ्या वाजवणारे मैदान, सगळे त्याला सांगत होते की तू पाहिलेस ते घडलेच नाही. अशा वेळी त्याने अशा माणसाला शोधले जो जवळ बसला होता आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास होता. त्याला निकाल नको होता, साक्ष हवी होती. आपले डोळे ठीक आहेत ना, एवढेच त्याला विचारायचे होते. आणि आम्ही त्याला नियम सांगितला.

एक शंका उरते. हे सगळे असे पानावर लिहिल्याने त्या दुसऱ्या मुलाचे, ज्याच्या हाताला चेंडू लागला त्याचे, नाव खराब होत नाही का? दुसऱ्याचा खरा दोषही विनाकारण चव्हाट्यावर मांडणे हे पापच आहे, तेव्हा ही शंका साधी नाही. म्हणूनच त्याचा जर्सी नंबर इथे लिहिलेला नाही आणि कोणी विचारलाही नये. पण त्याहून महत्त्वाचे, त्याने मुद्दाम केले असे आम्ही म्हणतच नाही. आठ-दहा मुलांच्या उडीत हात कुठे जातो ते त्याचे त्यालाही कळत नाही. २०१९ साली नियम बदलल्यापासून गोल करणाऱ्याच्या हाताला चेंडू चुकून लागून थेट जाळ्यात गेला तरी तो गोल धरत नाहीत. म्हणजे त्या मुलाला लबाड न म्हणताही तो गोल नव्हता असे म्हणता येते. त्याने आपणहून सांगायला हवे होते का? बहुधा. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा धर्मगुरू दहा-बारा पावलांवर टाळ्या वाजवीत उभा असताना पंधरा वर्षांच्या मुलाने काय करावे, हे सांगायला आम्हाला तोंड नाही. संत अगस्तिन यांनी स्वतःच्या लहानपणाविषयी लिहिले आहे की, खेळात जिंकण्याच्या हौसेने ते लबाडी करीत, आणि दुसऱ्याने तीच केली की त्याच्यावर तुटून पडत. त्याच ग्रंथात त्यांनी असेही म्हटले आहे की, मुलांना खेळापायी मार मिळतो, पण मोठ्यांच्या खेळांना मात्र कामकाज असे नाव असते. तो ग्रंथ चौथ्या शतकाच्या अखेरीचा आहे.

जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आम्ही फोन केला. काय दिसले ते सांगितले, भाषणाबद्दल माफी मागितली आणि चषकाविषयी आमची काही मागणी नाही हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बघतो, फादर.” त्यांना वाईट वाटले असावे. आम्हालाही वाटले. आपल्या शाळेविषयी असे सांगताना वाटतेच, आणि ते वाटते म्हणूनच ती आपली आहे, असे फोन ठेवल्यावर मनात आले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही आपल्या मैदानावर गेलो. मुलांचा सराव चालू होता. पी.टी.च्या सरांची परवानगी घेऊन सगळ्यांना जवळ बोलावले आणि सांगितले, “हात लागला होता. मी पाहिला. त्या दिवशी विचारलंत तेव्हा मी उत्तर टाळलं, ते चुकलं.” कोणी काही बोलले नाही. पदक घेताना विचारणारा तो वेदीसेवक चेंडू पायाखाली धरून उभा होता. मग गोलरक्षक म्हणाला, “फादर, पण तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मी बघितलं.”

“हो,” आम्ही म्हणालो, “वाजवल्या. ती माझी शाळा आहे ना.”

त्याने यावर थोडा विचार केला. “ते ठीक आहे,” तो म्हणाला. “पण हात लागलेला.”

“लागलेला,” आम्ही म्हणालो.

सरांनी शिट्टी वाजवली आणि मुले पळाली.

तुमचा धर्मगुरू